उडीची काठी

मंगळवारी आमची पूलची, म्हणजे बिलियर्ड्सच्या जातीतल्या एका खेळाची, लीग असते. डॅलसच्या उत्तरेला एका शॉपिंग सेंटरच्या मागच्या बाजूला पूल हॉल आहे, शेजारी लाँड्री, समोर टाकोवाला, आणि आत नऊ फुटी टेबलं ओळीने मांडलेली. तिथे आम्ही वीस-पंचवीस जण दर आठवड्याला नाइनबॉल खेळतो. बक्षीस म्हणाल तर सीझन संपल्यावर एक ट्रॉफी, जी बायको गॅरेजमध्ये ठेवायला सांगते. पण खेळताना कोणाला वाटेल इथे घरदार पणाला लागलंय.

तर त्या दिवशी 4-4 झालेलं, शेवटचा रॅक, म्हणजे शेवटचा डाव. ज्यांनी नाइनबॉल खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, टेबलवर 1 ते 9 नंबरचे बॉल असतात, पांढऱ्या बॉलने दरवेळी सगळ्यात लहान नंबरला आधी लागलंच पाहिजे, आणि 9 जो खिशात घालेल तो जिंकला. मला 4 घालायचा होता आणि तो घालण्यासारखा नव्हता. मग मी सेफ्टी खेळलो, म्हणजे समोरच्याला सरळ मारताच येऊ नये असा शॉट. 4 ला हलकेच ढकलून पलीकडच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, नेऊन लावला आणि पांढरा सरपटत सरपटत 7 च्या मागे जाऊन थांबला. अगदी मधोमध. मी मागे येऊन खुर्चीत बसलो आणि कोकचा घोट घेतला, कारण आता समोरच्याने दोन कुशन मोजायच्या, टेबलभोवती तीन चकरा मारायच्या, घाम पुसायचा आणि बहुतेक चुकायचंच, असा माझा हिशोब होता.

समोर एक तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा. त्याने चकरा मारल्या नाहीत. टेबलकडे नीट बघितलं पण नाही. आपल्या बॅगेतून एक आखूड काठी काढली, क्रिकेटच्या स्टंपापेक्षा जरा लांब असेल, ती उभी तिरकी धरली आणि टक्. पांढरा 7 च्या डोक्यावरून गेला, पलीकडे टप्पा खाल्ला, 4 ला लागला, आणि 4 कॉर्नरला गेला. तो सुद्धा! पुढचं सगळं त्याने दोन मिनिटांत आवरलं. मी हात मिळवला, नाइस शॉट म्हणालो, हसलो. गाडीत बसल्यावर मात्र मराठीत जे जे येतं ते सगळं म्हणून घेतलं.

त्या काठीला जम्प क्यू म्हणतात (क्यू म्हणजे बॉल मारायची काठी). आणि तेव्हापासून माझा स्वतःशीच वाद चालू आहे की ही गोष्ट या खेळात असावी का नसावी.

आधी माझी पार्श्वभूमी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हरला म्हणून रडतोय. (हरलो म्हणून रडतोच आहे, पण तेवढंच नाही.) मी खेळ शिकलो पुण्यात, काकांकडून, एका क्लबातल्या जुन्या बिलियर्ड्स रूममध्ये. बारा फुटी टेबल, वर हिरव्या झालरीचे दिवे, आणि मोठ्याने बोललं की मार्कर, म्हणजे स्कोअर ठेवणारा माणूस, असा बघायचा की आपण देवळात चपला घालून आलोय. काकांचं दैवत विल्सन जोन्स, पुण्यात जन्मलेला माणूस, 1958 साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला आणि मग 1964 ला पुन्हा. काका हे वाक्य इतक्या वेळा बोलायचे की काकूसुद्धा साल बरोबर सांगायची. आणि स्नूकर तर काय, आपल्याच जबलपूरला जन्मलेला खेळ, 1875 मध्ये, पावसाळ्यात कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये.

त्या खोलीत भिंतीवर पाटी होती, जम्प आणि मसे मारू नयेत, कापड फाटल्यास भरपाई घेतली जाईल. (मसे म्हणजे क्यू उभा धरून बॉल वळवणं.) पण पाटीची गरजच नव्हती कारण स्नूकरमध्ये पांढरा दुसऱ्या बॉलवरून उडवला की फाउल. काही बारीक अपवाद आहेत, म्हणजे आधी एका बॉलला नियमाप्रमाणे लागून मग उडाला वगैरे तर चालतं, पण अडकलो म्हणून वरून उडी मारून जाणं, ते नाही. किमान चार पॉइंट समोरच्याला. एकदा मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना चुकून माझा पांढरा उडाला आणि लाल बॉलवरून गेला, मला भारीच वाटलं, मी काकांकडे बघितलं. काका स्कोअरबोर्डपाशी गेले, समोरच्याचे चार वाढवले, आणि म्हणाले, बॉल हा सरपटणारा प्राणी आहे, पक्षी नाही.

असं वाढलेला माणूस अमेरिकेत येऊन पूल खेळायला लागला की त्याला पहिला झटका हाच बसतो की इथे उडी कायदेशीर आहे. फक्त ती वरून मारायची. खालून क्यूची टिप, म्हणजे टोक, खुपसून बॉल उचलायचा नाही, बारमध्ये हौशी लोक करतात तसं, तो फाउल, कारण त्यात टिप बॉलला दोनदा लागते. खरी उडी म्हणजे क्यू वरून खाली तिरका मारायचा, बॉल खालच्या दगडी स्लेटवर दाबला जातो आणि दगडच त्याला उसळी देतो. म्हणजे बॉलला उडवतं टेबल, आपण नुसता धक्का देतो.

आणि इथेच त्या आखूड काठीची मेख आहे. हे मला नीट कळलं ते मी स्वतः एक विकत घेतल्यावर. हो, घेतली. हरल्यानंतर तीन आठवड्यांनी, एकशे साठ डॉलर, बायकोला ऐंशी सांगितले. आपला नेहमीचा क्यू साधारण 58 इंच लांब आणि 19 औंसाच्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडा जास्तच, आणि टोकाला चामड्याची टिप. तो उभा धरून मारायचा तर एक तर हात पोचत नाही, आणि दुसरं म्हणजे मारल्यावर जड क्यू तिथेच राहतो, बॉल उसळायला बघतो आणि वरून क्यू त्याच्या डोक्यावर बसलेला. जम्प क्यूचं वजन त्याच्या निम्म्याच्या आसपास, लांबी चाळीस इंचांच्या आसपास (नियमाप्रमाणे चाळीसच्या खाली जाता येत नाही), आणि टिप चामड्याची नाही तर फेनॉलिकची, म्हणजे दगडासारखी कडक. कडक टिप दबत नाही, हलका क्यू आपटून लगेच मागे उडतो आणि बॉलला वाट मोकळी. सगळी युक्ती क्यूने वाटेतून पटकन बाजूला व्हायची.

पहिल्या दिवशी मी घराजवळच्या हॉलमध्ये दुपारी गेलो, कोणी नसताना. पंधरा-वीस बॉल टेबलखाली गेले, एक बाजूच्या टेबलवरच्या माणसाच्या नाचोजमध्ये. मालकाने दोनदा येऊन कापड बघितलं. पण तासाभरात, खरंच सांगतो, तासाभरात, मी पूर्ण बॉलवरून उडी मारायला लागलो होतो. मनगट सैल सोडायचं आणि मारायचं, एवढंच. मग दुसऱ्या आठवड्यात क्यू भाल्यासारखा वर धरून मारतात तो डार्ट स्ट्रोक पण यायला लागला. आणि तिथे मला आनंद व्हायच्या ऐवजी जरा वाईटच वाटलं, कारण दोन कुशनवरून किक मारून लपलेल्या बॉलला लागणं मला वीस वर्षांत धड आलेलं नाही, आणि हे तासाभरात.

किक म्हणजे काय, तर कॅरममधला रिबाउंड. कॅरम खेळलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे सांगावं लागू नये. सोंगटी आपल्या बाजूच्या रेषेच्या मागे आली, समोरून मारता येत नाही, मग पलीकडच्या फ्रेमवर आपटून परत आणायचं. त्या रिबाउंडसाठी माणसाच्या डोक्यात एक कोनमापक तयार व्हावा लागतो आणि तो वर्षानुवर्षं खेळूनच होतो. बोर्ड कुठल्या बाजूला संथ आहे, पावडर किती, फ्रेमचा उसळीचा स्वभाव कसा. पूलमध्ये तेच, फक्त त्यात फिरकीची भर, आणि रबराची कुशन असल्यामुळे जोराने मारलं की कोन बदलतो, आणि टेक्सासच्या दमट दिवशी कापड वेगळं वागतं.

या कलेचा बादशहा म्हणजे फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस. लोक त्याला जादूगारच म्हणतात. 1995 साली रेनोला सँड्स रीजन्सीच्या टूर्नामेंटमध्ये अर्ल स्ट्रिकलंडबरोबर त्याची मॅच, स्कोअर सारखा, शेवटचा गेम, आणि त्याला 5 सरळ दिसत नव्हता. त्याने दोन कुशनवरून पांढरा झेडसारखा फिरवून आणला, 5 ला नुसतं लागला नाही तर 5 घातला, आणि गेम संपवला. त्याची क्लिप मी कितीदा बघितली असेल, मोजलेलं नाही. बघताना दरवेळी पहिल्या कुशनपर्यंत वाटतं की चुकला. आणि तो स्ट्रिकलंड काही ऐरागैरा नव्हे बरं का, पुढच्याच वर्षी आमच्या डॅलसमध्ये त्याने सलग अकरा रॅक साफ केले होते.

तर माझा पहिला मुद्दा हाच की जम्प क्यू आला आणि किकची भूक कमी झाली. आमच्या लीगमधली पोरं अडकली की आधी बॅगेकडे बघतात, टेबलकडे नंतर.

आता दुसरी बाजू. ती मला ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने सुनावली जो गोल्फ खेळतो. मी लंचला त्याच्यापुढे माझं रडगाणं गायलं तर तो म्हणाला, आम्ही बॅगेत चौदा काठ्या घेऊन फिरतो, वाळूत पडलो की वाळूची काठी काढतो, कोणी तक्रार करत नाही, तुझं काय दुखतंय? मला लगेच उत्तर सुचलं नाही. (मला उत्तरं नेहमी पार्किंग लॉटमध्ये सुचतात.) सँड वेज आली 1930 च्या दशकात, जीन साराझेन नावाच्या गोल्फरने ती चालवली, आणि त्याच्याशिवाय आज गोल्फ कोणी कल्पनाच करत नाही. आमच्या खेळात तरी काय वेगळं झालंय? पूर्वी क्यूच नव्हता, मेस नावाची एक लाकडी दांडी असायची आणि तिने बॉल ढकलायचे. मग तिचं मागचं टोक वापरता वापरता क्यू झाला. मग फ्रान्सच्या मिंगोने टोकाला चामडं लावलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि फिरकी नावाची गोष्ट जन्माला आली. त्या काळी कोणीतरी काका असतीलच ज्यांनी म्हटलं असेल की चामडं लावून खेळणं हा काय खेळ झाला. आणि माझ्या लाडक्या स्नूकरमध्ये स्पायडर आहे की, उंच पायांचा, मधल्या बॉलच्या वरून क्यू नेण्यासाठीच बनवलेला. ब्रेकसाठी, म्हणजे रॅक फोडायच्या पहिल्या फटक्यासाठी, वेगळा क्यू तर आमच्या लीगमध्ये जवळजवळ सगळ्यांकडे आहे, माझ्याकडे पण, त्याला कडक टिप पण आहे, आणि त्यावर मी कधी अक्षर काढलेलं नाही.

मग जम्प क्यूवरच राग का?

बरेच दिवस विचार करून माझं उत्तर असं आहे. वाळूचा खड्डा समोरच्याने खणलेला नसतो. तो कोर्स बांधणाऱ्याने खणला, दोघांसाठी सारखाच, आणि सँड वेज फक्त वाळूला हरवते. पण 7 च्या मागे पांढरा लपवला तो मी. ते कोडं मी घातलंय, माझ्या वीस वर्षांतून घातलंय. ब्रेक क्यू कोणाचं कोडं फोडत नाही. स्पायडर क्यूला टेकू देतो पण बॉल मारायला तोच क्यू, तीच टिप, तोच खेळाडू. जम्प क्यू मात्र खास समोरच्याचं काम पुसून टाकायला बनवलेलं हत्यार आहे.

पण इथेच थांबलो तर मी अर्धवट खरं बोलतोय. कारण त्या मंगळवारची माझी सेफ्टी, जिच्यावर मी कोक पीत बसलो होतो, ती खरं तर फारशी चांगली नव्हती. पांढरा आणि 7 यांच्यात चांगली फूटभर जागा होती. एवढी जागा म्हणजे जम्पवाल्याला आमंत्रणच. पांढरा 7 ला जवळजवळ चिकटून ठेवला असता तर क्यू इतका उभा धरावा लागला असता की त्या पोराचीही हिंमत झाली नसती. चांगले खेळाडू आता असंच खेळतात, नुसतं लपवत नाहीत, चिकटवून लपवतात, आणि ते कितीतरी अवघड आहे. म्हणजे किक थोडी मेली असेल पण सेफ्टी धारदार झाली. मी स्नूकरच्या सवयीने लपवलं आणि गप्प बसलो, कारण माझ्या डोक्यातला पांढरा अजून सरपटणाराच होता.

आणि अजून एक गोष्ट, जी माझ्या मते या सगळ्या भांडणाच्या मुळाशी आहे पण लोक काठीवरच भांडतात. पूर्वी नाइनबॉलचा नियम वेगळा होता. अडकलात तर पुश आउट करून पांढरा हवा तिथे ढकलता यायचा, मग समोरच्याने ठरवायचं की तो खेळतो की तुम्हालाच परत खेळायला लावतो. सलग दोन फाउल झाले तरच शिक्षा. मग एका फाउलचा नियम आला, इथे त्याला टेक्सास एक्सप्रेस म्हणतात, म्हणजे एकदा चुकलात की समोरच्याला बॉल इन हँड, टेबलवर कुठेही पांढरा ठेवा. पुश आउट उरला फक्त ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला. गेम झटपट झाला, टीव्हीवर बघायला बरा. पण शिक्षा बघा किती वाढली. स्नूकरमध्ये अडकून फाउल झाला तर चार पॉइंट, फार तर सात, गेम चालू. नाइनबॉलमध्ये बऱ्यापैकी खेळाडूच्या हातात बॉल दिला की गेम गेलाच. वर नशिबाने अडकणं वेगळं, समोरचा पॉट चुकतो, बॉल इकडे तिकडे फिरतात आणि पांढरा तिसऱ्याच बॉलच्या मागे जाऊन बसतो. त्याने काही विचार केलेला नसतो, तो वरवर सॉरी म्हणतो, आणि गेम तुम्ही गमावता. अशा वेळी मला स्वतःला ती आखूड काठी देवासारखी वाटलेली आहे, खोटं कशाला बोलू. एका फाउलच्या नियमाने जे जास्त झालं ते जम्प क्यूने थोडं मागे ओढलं. जुलाबाचं औषध घेतलं आणि मग ते थांबवायला दुसरं औषध, तसं काहीसं.

म्हणून उडी बंद करा असं मी म्हणत नाही. उडी असावी. पण ज्या क्यूने तुम्ही बाकीचा गेम खेळता त्याच क्यूने मारा. पूर्ण क्यूने उडी मारता येते, मी मारली आहे, म्हणजे दहातून दोनदा मारली आहे. जागा पाहिजे, नेम पाहिजे, आणि चुकलात तर बॉल बाजूच्या टेबलवर जाऊन माफी मागावी लागते. असं असलं की अडकलेल्या माणसापुढे खरी निवड उभी राहते, किक मारू का उडी मारू का नुसतं लागून परत लपवू. आता निवड कुठे आहे?

लहानपणी आमच्या वाड्यात एकाकडे जाड, जड स्ट्रायकर होता, त्याच्या मामाने कुठून तरी आणून दिलेला. कॅरमच्या अधिकृत नियमात स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा, हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत. पण त्याने मारलं की तीन-चार सोंगट्यांची भिंत फुटून पलीकडची राणी हलायची. दोन दिवस आम्ही सहन केलं. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजींनी, ज्या कॅरम खेळत नसत, फक्त डाळ निवडता निवडता बघत असत, त्यांनी निकाल दिला की एकतर सगळे त्याच्या स्ट्रायकरने खेळा नाहीतर कोणीच नको. तो घरी गेला नाही, जे मला आजही विशेष वाटतं. बोर्ड आमचा होता म्हणून असेल. कारण क्रिकेटमध्ये त्याची बॅट होती आणि तिथे पहिली बॅटिंग त्याचीच.

आमच्या लीगमध्ये हे दुखणं अजून जरा वेगळं आहे. जो हॉलचा भिंतीवरचा क्यू घेऊन खेळतो, असे चार-पाच जण आहेत, एक रिटायर्ड ट्रक ड्रायव्हर आहे, एक शाळेत स्वयंपाक करणारी बाई आहे, त्यांच्याकडे जम्प क्यू नाही आणि ते घेणारही नाहीत. आणि ती बाई किक इतकी सुंदर मारते की बघत राहावं. तिला तीन कुशन मोजताना बघितलंय मी, ओठ हलवत मोजते. ती फूटभर जागा सोडून लपवते कारण तिला तशीच सवय आहे, माझ्यासारखी, आणि पोरं टक् करून जातात. गेल्या महिन्यात मी लीग चालवणाऱ्याला विचारलं की निदान आपल्या डिव्हिजनमध्ये एका सीझनपुरता जम्प क्यू बंद करून बघू या का. तो म्हणाला मतदान घेऊ. अकरा विरुद्ध नऊ, जम्प क्यू राहिला. त्या बाईने ठेवायच्या बाजूने मत दिलं. मी विचारलं का, तर म्हणाली, मला त्यांना चुकताना बघायला आवडतं.

मतदानानंतरच्या मंगळवारी मी 3 वर अडकलो, समोरच्याच्या फ्लूकमुळे, आणि बॅगेतून ती काठी काढली. मनात म्हटलं नियम आहे तर आहे. टीममधल्या एकाने फोनवर शूट केलं. पांढरा 8 वरून गेला, 3 ला लागला, 3 मधल्या खिशात. हॉलमध्ये टाळ्या वगैरे. मला राहवलं नाही, रात्री तो व्हिडिओ काकांना व्हॉट्सॲपवर पाठवला. काका आता एक्याऐंशीचे आहेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे.

सकाळी व्हॉइस मेसेज आला होता. पहिली दहा-बारा सेकंद नुसता पंख्याचा आवाज आणि मागे काकूचा कुकर. मग काका म्हणाले, स्टान्स बरा आहे, डोकं हलतंय अजून. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, ते चार दिलेस ना रे समोरच्याला?